उदयसिंहरावांसाठी हॅमचं सूप

विश्राम परबला वास येत नाही आणि चवही कळत नाही, हे बडोद्यात फक्त त्याच्या बायकोला, कांचनला, माहीत होतं.

छाणीतल्या आपल्या दोन खोल्यांतून ती दोघं रोज तीस डबे पाठवायची. घर सोडून नोकरीसाठी आलेली एकटी माणसं, दोन नर्सबाया, एक निवृत्त मास्तर अशी गिऱ्हाइकं होती. स्वयंपाक विश्राम करायचा. आमटीला उकळी आली की तो पळी कांचनपुढे धरायचा. ती तळहातावर थेंबभर घेऊन जिभेला लावायची आणि "चिमूटभर अजून" किंवा "बस" एवढंच म्हणायची. दारात कोणी आलेलं असलं तर तेही न बोलता नुसती मान हलवायची. अडीच वर्षांत दोघांना याची इतकी सवय झाली होती की गिऱ्हाइकांची एकही तक्रार आली नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला होता. पाच दिवसांत उतरलाही. सहाव्या दिवशी कांचनने आलं घालून चहा दिला तेव्हा त्याला वाटलं, हिने नुसतं गरम पाणीच दिलंय. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, कापूर नाकाशी धरून बसायचा. महिने गेले, वर्ष गेलं. मिरचीची आग तेवढी कळायची. मीठ जिभेवर ठेवलं तर बारीक रेती ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा दूध तळाला लागून काळं झालं, शेजारीण धावत आली, आणि हा त्याच खोलीत पेपर वाचत बसला होता.

स्वयंपाक्याचं नाकच गेलं हे तो कोणाला सांगणार? सुरतेला दिलेल्या मुलीलाही, नीरजालाही, त्याने कळू दिलं नव्हतं.

विश्राम मूळचा कणकवलीकडचा. पोरवयात गोव्यातल्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात कांदे चिरायला लागला आणि तिथेच शिकला. थोरला भाऊ रेल्वेत बडोद्याला होता, म्हणून एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली इकडे आला. कोयलीच्या बाजूला एका कंपनीचं गेस्ट हाउस होतं. परदेशी इंजिनिअर येऊन महिनोन्‌महिने राहायचे आणि त्यांच्या तोंडाला चव येईल असं रांधणारा माणूस मिळत नव्हता. गेस्ट हाउसचा कारभार उदयसिंहराव घोरपडे यांच्याकडे होता. त्यांनी विश्रामला एक ऑम्लेट करायला सांगितलं, उभ्या उभ्या खाल्लं आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

हॅमचं, म्हणजे मीठ लावून टिकवलेल्या डुकराच्या मांसाचं, सूप तो तिथेच शिकला. एका कॅनेडियन इंजिनिअरची बायको डिसेंबरात दोन महिने राहायला आली होती. तिने एक दिवस स्वतः ओट्याशी उभं राहून ते करून दाखवलं. पांढरा राजमा रात्रभर भिजवायचा. हॅमचं हाड मोठ्या पातेल्यात मंद आचेवर तीन तास उकळत ठेवायचं. मग राजमा, कांदा, गाजर, तमालपत्र, मिरीचे दाणे. तिच्या देशातली एक देठांची भाजी इथे मिळत नव्हती, तिथे विश्रामने ओव्याची पानं घातली आणि ती बाई खूश झाली. राजमा शिजला की पळीभर दाणे पातेल्याच्या कडेला चेचायचे, म्हणजे सूप आपोआप दाट होतं. मीठ मात्र शेवटी, चव घेऊन. हॅम कधी खारट असतं, कधी नसतं, त्याचा भरवसा नाही, असं तिने बोट नाचवून दोनदा बजावलं होतं.

पाहुणे आले आणि गेले. सुपाची चटक मात्र उदयसिंहरावांना लागली. थंडी पडली की ते विचारायचे, "विश्राम, मुंबईहून हॅम मागवू का?" रेल्वेने पार्सल यायचं. रविवारी दुपारी ते बायकोला आणि छोट्या मोहनाला घेऊन गेस्ट हाउसवर यायचे आणि तिघंही पावाचे तुकडे बुडवून दोन-दोन वाट्या संपवायचे. पुढे गेस्ट हाउस बंद झालं, साहेब निवृत्त झाले, विश्रामने डबे सुरू केले. पण दिवाळीला तो त्यांच्या बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या फ्लॅटवर जायचाच. नीरजाला मेंदूज्वर झाला होता तेव्हा साहेबांनी आपली गाडी पंधरा दिवस विश्रामच्या दारात उभी ठेवली होती. तो हे विसरला नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोहनाचा फोन आला. ती आता पन्नाशीच्या आसपासची होती. युनिव्हर्सिटीत शिकवायची, आणि आई गेल्यापासून वडिलांपाशीच राहत होती.

"विश्रामकाका, बाबांचं काही खरं नाही. हृदय कमजोर झालंय, पाय सुजतात. दहा दिवस झाले, घास घेतच नाहीत. काल म्हणाले, विश्रामचं ते सूप असतं तर खाल्लं असतं."

विश्रामने विचारलं, "हॅमचं?"

"हो. डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, एखाद्या वेळी थोडंसं द्या, खातायत हेच खूप आहे. मीठ फक्त अगदी बेताचं. जमेल ना, काका?"

"जमेल की, ताई. न जमायला काय झालं?"

त्याने फोन ठेवला. कांचन भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगून टाकायचं होतं तिला," ती म्हणाली.

"काय सांगू? साहेब दहा दिवस उपाशी आहेत आणि माझ्या नावाने काहीतरी मागतायत. त्यांना म्हणू, माझी जीभ मेलीय?"

अडचण दोघांनाही ठाऊक होती. डब्यांचा स्वयंपाक शाकाहारी असायचा, म्हणून तिची जीभ त्याच्या उपयोगी पडायची. पण नीरजाच्या त्या आजारात कांचनने देवापुढे बोलून मांस-मच्छी सोडली होती. मुलगी उठून बसली. त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण कांचनने माशाचा रस्साही कधी तोंडाला लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विश्राम फतेगंजात गेला. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजच्या दुकानात हॅम मिळतं, हे त्याला माहीत होतं. हाडासकटचं विचारलं तर दुकानदार हसला. "काका, हाडकावाळुं हवे कोण लावे छे? आ पॅकेट लई जाव, बधा आ ज लई जाय छे." हाडाचं आता कोणी आणत नव्हतं; होती ती पातळ कापांची, हवा काढून चिकटवलेली पाकिटं. विश्रामने दोन घेतली. घरी आल्यावर चष्मा लावून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, पण त्यावरून खारटपणा कसा कळणार? पूर्वी तो हॅमची एक कड कापून जिभेवर ठेवायचा आणि त्याचं काम भागायचं. आताही सवयीने त्याने एक तुकडा तोंडात टाकला. ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी चावतोय असं वाटलं. तो त्याने थुंकून टाकला.

स्वयंपाकघरात कांचनची शाकाहारी भांडी होती, म्हणून त्याने मागच्या गॅलरीत जुनी शेगडी मांडली. रात्री राजमा भिजत घातला होता, तो टपोरा फुगला होता. हॅमचे काप त्याने अर्धा तास पाण्यात ठेवून ते पाणी फेकलं. हाड नव्हतं, म्हणून रस्सा दाट व्हायला जास्त वेळ आटवावा लागला. रंग त्याला ओळखता येत होता. उकळीचा आवाज कळत होता. राजम्याचा दाणा बोटांत दाबला की किती शिजलाय ते कळत होतं. चाळीस वर्षांचा हात होता, आणि तो हात अजून चुकत नव्हता. सकाळी अकरापर्यंत पातेल्यात अगदी तसंच सूप दिसत होतं, जसं गेस्ट हाउसमध्ये दिसायचं. आणि मग तो पळी हातात धरून नुसता उभा राहिला.

मीठ घालायचं की नाही?

हॅमचं मीठ उतरलंच असणार. पण पाणी फेकलं होतं. मग कदाचित अळणी झालं असेल. मोहनाताई बेताचं म्हणाल्या होत्या, अळणी नव्हे. दहा दिवसांनी माणूस तोंड उघडणार आणि आपण त्याला मिळमिळीत पाणी पाजणार? त्याने पळी तोंडाला लावली. गरम लागलं, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा लावली, डोळे मिटून, जणू डोळे मिटल्याने काही फरक पडणार होता.

कांचन दारात येऊन उभी होती.

"द्या इकडे. मी बघते."

"नको."

"चमचाभराने काही होत नाही. थुंकून टाकीन, चूळ भरीन."

तिने हात पुढे केला होता, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. विश्रामने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तू त्या देवाशी बोललीस म्हणून पोरगी राहिली, असं मानतेस ना? मग मधे मी कशाला येऊ? माझ्या अंदाजाने जमेल."

"तुमचा अंदाज..." ती म्हणाली आणि थांबली. मग आत निघून गेली. ती गेल्यावर त्याने झाकण काढून अर्धा चमचा मीठ घातलं. पूर्वी गेस्ट हाउसमध्ये एवढ्या पातेल्याला एक चमचा लागायचा. अर्धा म्हणजे बेताचंच झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

डबा गुंडाळून तो रिक्षाने अकोट्याला पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. उदयसिंहराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दिवाळीनंतरच्या महिन्याभरात हा माणूस अर्धा झाला होता. मनगटाची हाडं वर आली होती आणि पाय मात्र सुजून पायमोज्यात मावत नव्हते. विश्रामला पाहून ते हसले.

"आलास? मला वाटलं, मोहना नुसतं आश्वासन देतेय."

मोहनाने वाटी, चमचा, पावाचे दोन तुकडे आणून ठेवले. विश्राम तिला हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा चाखून बघता का? मिठाचं."

"मला मार्गशीर्ष आहे, काका. महिनाभर नाही खात मी. आणि तुमच्या हातचं चाखून बघायचं म्हणजे काय?" ती हसून म्हणाली. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण तिकडे साहेबांनी चमचा उचलला होता.

पहिला चमचा त्यांनी तोंडात जरा वेळ धरला. विश्रामकडे बघितलं. मग गिळला आणि म्हणाले, "वा."

दुसरा घेतला, तिसरा घेतला. पावाचा तुकडा बुडवला. मधे दोनदा पाणी मागितलं. मोहना घोटभर पाणी देत होती, कारण पाणीही मोजूनच प्यायचं होतं. वाटी रिकामी झाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"अजून देऊ, बाबा?"

उदयसिंहरावांनी पुन्हा एकदा विश्रामकडे बघितलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, जसा गेस्ट हाउसमध्ये उभा राहायचा, साहेबांचं जेवण होईपर्यंत.

"दे अर्धी," ते म्हणाले.

त्या दिवशी विश्राम घरी आला तो हलका होऊन. कांचनला म्हणाला, "दीड वाटी खाल्ली. उगाच घाबरलो आपण." कित्येक महिन्यांत त्याला असं बरं वाटलं नव्हतं. त्याने डबा घासायला घेतला. तळाशी राहिलेलं सूप शेजारणीच्या मांजरापुढे ठेवलं. मांजराने तोंड लावलं आणि ते बाजूला झालं. मांजरांचं काय, असं म्हणून त्याने ते ओतून टाकलं.

सकाळी सात वाजता मोहनाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. पहाटेपासून बाबांना श्वास लागला होता, झोपता येत नव्हतं, अॅम्ब्युलन्स बोलावून दवाखान्यात नेलं होतं. "तुम्हाला सांगावंसं वाटलं, काका," ती म्हणाली. "काल किती आनंदात होते."

विश्राम डबे तसेच टाकून गेला. काचेपलीकडे साहेबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तरुण डॉक्टर मोहनाला सांगत होता की फुप्फुसांत पाणी भरलंय, औषधाने काढतोय. "जेवणात खारट काही आलं होतं का?"

"सूप घेतलं होतं," मोहना म्हणाली. "पण मीठ अगदी बेताचं होतं."

विश्राम तिच्या मागेच उभा होता. ती हे खात्रीने म्हणाली, कारण तिचा त्याच्यावर विश्वास होता. मोहना औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्याने डॉक्टरला गाठलं.

"साहेब, त्या सुपामुळे झालं का हे?"

"त्यांचं हृदय आधीच थकलेलं आहे, काका. आज नाही तर पंधरा दिवसांनी झालं असतं. सुपाने निमित्त झालं असेल, नसेलही. असं नक्की सांगता येत नाही."

"पण अंदाजे?"

डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पुढच्या रुग्णाकडे गेला.

चौथ्या दिवशी मुखवटा काढला. मोहना अंघोळीला घरी गेली होती आणि विश्राम पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला होता. उदयसिंहराव बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "खारट झालं होतं रे."

विश्रामने स्टूल पुढे ओढलं. "कळलं होतं तुम्हाला?"

"पहिल्याच घासाला."

"मग खाल्लंत कशाला, साहेब? आणि वर अर्धी वाटी?"

"तू समोर उभा होतास." त्यांना दम लागला. थोडं थांबून ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तुझं कधी चुकलं नाही. म्हटलं, याचं काहीतरी झालंय. मोहनासमोर कसं विचारू? आणि पोरगी इतकी खूश झाली होती."

मग विश्रामने त्यांना सगळं सांगितलं. ताप, चहा, कांचनची पळी, अर्धा चमचा. सांगताना तो रडला नाही. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"मोहनाला सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले. "बोलावलं तिने तुला. ती स्वतःलाच लावून घेईल."

"बरं."

"आणि डॉक्टरला दाखव, चांगल्या. नाकाचं."

साहेब घरी आले, पण खुर्चीत पुन्हा बसले नाहीत. विश्राम एक दिवसाआड जायचा, पाय चेपायचा, पेपर वाचून दाखवायचा. खायला मात्र काही नेत नसे. संक्रांत झाल्यावर आठवड्याभराने, दुपारी चहा प्यायच्या आधी, उदयसिंहराव गेले.

तेराव्याला विश्राम आणि कांचन दोघंही गेली. जेवणाच्या पंगती चालू होत्या. मोहना त्याला गॅलरीत घेऊन गेली. ती खूप वाळली होती.

"काका, एक विचारते. मी ते सूप मागवायला नको होतं का? डॉक्टर म्हणतात, तसं काही नाही. पण मला झोप लागत नाही. मीच हट्ट केला. मीच बाबांना मारलं असं वाटतं."

विश्रामने गॅलरीचा गज धरला. साहेबांना दिलेला शब्द त्याला आठवत होता. ही स्वतःला लावून घेईल म्हणून त्यांनी तो घेतला होता, आणि ती तर न सांगताच लावून घेऊन बसली होती. गप्प राहिलो तर ही अशीच झुरणार. त्याने सांगून टाकलं. थोडक्यात, खाली बघून. वास नाही, चव नाही, अडीच वर्षांपासून. मीठ अंदाजाने घातलं. साहेबांना कळलं होतं, तरी त्यांनी खाल्लं.

आत कोणीतरी भात वाढा म्हणून ओरडत होतं.

"बाबांना कळलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी अजून घ्या म्हटलं."

"ताई, तुमचा काय दोष? मीच..."

"तुम्ही मला विचारलं होतंत. चाखून बघता का म्हणून." तिने तोंडावर हात ठेवला. "काका, हे मला आत्ता कशाला सांगितलंत?"

तिचं ओझं उतरवायला गेलो आणि तिच्या डोक्यावर दुसरं ठेवलं, एवढं त्याला कळलं. तिला आतून हाक आली. पदर नीट करून ती गेली. जाताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण रागानेही गेली नाही.

रस्त्यावर रिक्षाची वाट बघताना कांचनने विचारलं, "सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही."

कांचनने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मी त्या दिवशी घेतला असता चमचा."

"माहीत आहे."

रिक्षा आली. दोघं छाणीला परत आली.

विश्रामने गिऱ्हाइकांना एकेकाला गाठून आपल्या जिभेचं सांगितलं. सहा जणांनी डबा बंद केला, बाकीच्यांनी चालू ठेवला. आता शेगडीशी कांचन असते आणि तो भाज्या चिरतो, कणीक मळतो, डबे भरतो. नाकाच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. त्यांनी तपासलं आणि इतके दिवस झाल्यावर फारशी आशा धरू नका म्हणाले. मोहनाचा फोन त्यानंतर आला नाही. तोही करत नाही. दिवाळीला अकोट्याला जावं की न जावं, हे त्याने अजून कांचनला विचारलेलं नाही.